गर्भ मानायचा तो कोणत्या परिणामांपुरता?

गोव्यात इन्व्हेंटरीची, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या नोंदीची आणि वाटणीची, कामे करणाऱ्या वकिलापुढे कधी ना कधी हा पेच येतोच: घरचा कर्ता गेला आहे, बायकोला दिवस गेलेले आहेत आणि भाऊबंद वाटणीसाठी घाईला आले आहेत, अशा वेळी पोटातल्या जिवाला हिस्सेदार धरायचे की नाही? माझ्या वकिलीच्या सुरुवातीला फोंड्यात असे एक प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होतो त्यांनी काही न बोलता कपाटातून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता काढली आणि सहावे कलम उघडून माझ्यापुढे ठेवले. त्या कलमाचा आशय असा की कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती म्हणून पात्रता जन्माने मिळते. परंतु जीव धरला गेला की तेव्हापासूनच तो कायद्याच्या संरक्षणाखाली येतो आणि या संहितेत जे परिणाम सांगितले आहेत त्यांच्यापुरता तो जन्मलेलाच आहे असे मानले जाते. मृत्युपत्राच्या प्रकरणात तर ‘भ्रूण’ हा शब्दच घातलेला होता. जे अस्तित्वात आहेत त्यांनाच मृत्युपत्राने काही मिळू शकते आणि त्यांत भ्रूणही मोजावा. मात्र मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूपासून तीनशे दिवसांच्या आत तो जिवंत आणि मानवी आकृतीने जन्माला आला पाहिजे, अशी तिथे अट होती.

ही संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. खुद्द पोर्तुगालने आपल्यासाठी १९६६ साली नवी संहिता केली, पण तोवर गोवा मुक्त झाला होता, त्यामुळे जुनी संहिता आपल्याकडेच राहिली. पुढे तिच्यातील वारसाहक्काचा भाग गोव्याच्या स्वतःच्या २०१२ च्या कायद्याने बदलला आणि तो कायदा २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. या साऱ्या इतिहासातून माझ्या मनात टिकून राहिला तो एकच शब्दप्रयोग: ‘परिणामांपुरता’. भ्रूण हा माणूस आहे की नाही, त्याच्यात आत्मा केव्हा येतो, या प्रश्नांना त्या कायद्याने हात घातला नाही. त्याने एवढेच सांगितले की अमुक एका कामासाठी त्याला अस्तित्वात असलेला समजा आणि त्या कामापुरते त्याचे हित सांभाळा.

गेल्या काही वर्षांत मूलपेशींच्या (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यातून शरीरातील इतर पेशी घडू शकतात अशा पेशींच्या) प्रयोगशाळांतून जे बाहेर येत आहे ते वाचताना मला हे कलम पुन्हा पुन्हा आठवते. २०२३ च्या सप्टेंबरात इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या जेकब हाना यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुरुषबीज नाही, स्त्रीबीज नाही, गर्भाशय नाही. केवळ मानवी मूलपेशींपासून त्यांनी प्रयोगशाळेच्या भांड्यात अशी रचना वाढवली होती की ती फलनानंतर सुमारे चौदा दिवसांच्या मानवी भ्रूणाशी मिळतीजुळती होती. पुढे ज्यातून शरीर बनते तो पेशींचा थर, गर्भजलाच्या पिशवीचा आरंभ, पीतक कोश (आरंभीच्या गर्भाला पोसणारी पिशवी), भोवताली वारेच्या पूर्वज पेशींचे आवरण, हे सारे आपापल्या जागी होते. त्या रचनेतून पाझरणाऱ्या संप्रेरकामुळे गर्भधारणेची चाचणी ‘होय’ असे उत्तर देत होती. औषधाच्या दुकानात मिळणारी ती साधी पट्टी, जिच्या दोन रेघांवर आपल्याकडे घरोघर आनंद किंवा धास्ती अवलंबून असते, तिला भांड्यातली ही रचना आणि पोटातला गर्भ यांतला फरक कळत नाही.

ही जादू नव्हे. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या काढल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या पूर्ण वाढ झालेल्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतील पेशींवर हे साधले. १९६२ मध्येच बेडकाच्या आतड्यातील पेशीच्या केंद्रकापासून नवा बेडूकमासा वाढवून दाखवणारे जॉन गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल एकत्र मिळाले. म्हणजे पेशी कुठलीही असो, तिच्यात संपूर्ण शरीराचा आराखडा शिल्लक असतो आणि तिला मागे फिरवता येते, हे आधीच ठरले होते. नवे आहे ते एवढेच की मागे फिरवलेल्या पेशींतून काहींना वारेच्या वाटेला, काहींना पीतक कोशाच्या वाटेला लावून ठराविक प्रमाणात एकत्र सोडले की त्या आपल्या आपण रांग धरतात, जागा घेतात. अर्थात पेशींचे असे सगळेच गोळे साधत नाहीत. हाना यांच्या प्रयोगात जेमतेम एक-दोन टक्के गोळे नीट घडले, बाकीचे विस्कटून गेले. पण एक-दोन टक्के हे शून्य नव्हे, आणि विकासजीवशास्त्रातील ज्या गोष्टी गेल्या दशकात एक टक्क्यावर होत्या त्यांतल्या कित्येक आज नित्याच्या झाल्या आहेत.

उंदरात काम याच्याही पुढे गेले आहे. २०२२ मध्ये हाना यांच्या आणि केंब्रिजच्या माग्दालेना झेर्निका-गोएट्झ यांच्या गटांनी मूलपेशींपासून बनवलेले उंदराचे भ्रूण-प्रतिरूप साडेआठ दिवसांच्या अवस्थेपर्यंत वाढवले. त्यात हृदय धडधडत होते आणि मेंदूच्या घड्या दिसू लागल्या होत्या. उंदराची गर्भावस्था जेमतेम वीस दिवसांची असते हे लक्षात घेतले म्हणजे ही मजल किती मोठी ते कळते. २०२३ मध्ये चीनमधील संशोधकांनी माकडाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या अशा रचना आठ माद्यांच्या गर्भाशयात ठेवल्या. तीन माद्यांमध्ये गर्भधारणेची सुरुवातीची लक्षणे उमटली आणि काही दिवसांतच विरून गेली. त्यातून काही जन्माला आले नाही. तरीही माकडाच्या बाबतीत हा प्रयत्न कोणीतरी करून पाहिला आहे, ही गोष्ट मी कायद्याचा माणूस म्हणून नोंदवून ठेवतो.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. सहाय्यित जननतंत्रज्ञानाच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात भ्रूणाची व्याख्या आहे: फलनानंतर छप्पन्न दिवस पूर्ण होईपर्यंत विकसित होत असलेला किंवा विकसित झालेला जीव. लिंगनिवडीला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्यातही भ्रूण म्हणजे फलनानंतर आठ आठवड्यांपर्यंतचा मानवी जीव. ‘फलनानंतर’ हा शब्द दोन्हीकडे पाया आहे. मूलपेशींच्या प्रतिरूपात फलन नाही. मग ते भ्रूण नाही, आणि भ्रूण नाही म्हटल्यावर भ्रूणाच्या विक्रीवर, निर्यातीवर, साठवणुकीवर आणि संशोधनावर या कायद्याने जी बंधने घातली आहेत त्यांतले एकही त्याला लागू होत नाही, असा युक्तिवाद माझा कुठलाही कनिष्ठ सहकारी अर्ध्या तासात उभा करील आणि तो सहजासहजी खोडता येणार नाही. गंमत अशी की १९९४ च्या कायद्यात पुढची, म्हणजे सत्तावन्नाव्या दिवसापासूनच्या गर्भाची, जी व्याख्या आहे तिच्यात ‘फलन किंवा निर्मिती’ यापासून दिवस मोजावेत असे म्हटले आहे. मसुदा करणाऱ्यांना तिथे फलनाविना निर्मितीची शक्यता सुचली होती. वरच्याच ओळीत भ्रूणाच्या व्याख्येत ती घालायची राहिली. कायद्यांच्या मसुद्यांत असे होते. पण या एका शब्दाच्या फटीतून उद्या काय आत येईल, याचा विचार ती फट बारीक असतानाच करायला हवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूलपेशी-संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत आणि त्यांत मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे, किंवा त्यात आद्य रेषा (भ्रूणावर उमटणारी शरीराच्या आसाची पहिली खूण) दिसू लागेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल त्यापलीकडे वाढवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तत्त्वे चांगली आहेत, संस्थांना समित्या नेमायला लावणारी आहेत. पण ती संसदेने केलेला कायदा नव्हे, आणि मोडल्यास तुरुंग कोणाला, हे त्यांत लिहिलेले नाही.

चौदा दिवसांची ही मर्यादा आली कुठून, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. १९७८ मध्ये इंग्लंडात पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातलेही जन्मले आणि त्यांना शाबासकीऐवजी छळ वाट्याला आला, हे आपण विसरू नये. त्यानंतर ब्रिटिश सरकारने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने चौदा दिवसांची रेषा आखली आणि १९९० मध्ये ती ब्रिटिश कायद्यात गेली. समितीतील अ‍ॅन मॅक्लॅरेन या विकासजीवशास्त्रज्ञ बाईंनी सदस्यांना आद्य रेषेचे महत्त्व समजावून सांगितले होते. सुमारे पंधराव्या दिवशी भ्रूणाच्या सपाट चकतीवर एक खाच उमटते. तिथून डोके-शेपूट, डावे-उजवे ठरते. आणि त्यानंतर एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होणे सहसा शक्य राहत नाही. म्हणजे एक भ्रूण म्हणजे एकच होऊ घातलेला जीव, असे म्हणण्याजोगा पहिला क्षण तो. पण वॉरनॉक यांनी त्या दिवसाला आत्म्याच्या आगमनाचा मुहूर्त कधी म्हटले नाही. लोकांना मोजता येईल, अधिकाऱ्याला तपासता येईल आणि समाजातल्या बहुतेकांना सोसवेल अशी एक रेषा हवी होती; ती त्यांनी जीवशास्त्राचा आधार घेऊन आखली. जवळजवळ तीस वर्षे ती कोणालाच बोचली नाही, याचे एक कारण असे की मानवी भ्रूण भांड्यात इतके दिवस वाढवणे कोणालाच जमत नव्हते. २०१६ मध्ये दोन प्रयोगशाळांनी तो बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवला आणि केवळ या मर्यादेपायी प्रयोग थांबवला, तेव्हा पहिल्यांदा रेषा टोचू लागली. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन सोसायटीने ही मर्यादा आपल्या सक्त बंदीच्या यादीतून काढून टाकली आणि २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने ती अठ्ठावीस दिवसांवर नेण्याची शिफारस केली.

भ्रूण-प्रतिरूपांच्या बाबतीत मात्र चौदा की अठ्ठावीस, हा वादच गैरलागू आहे. दिवस मोजायचे तर पहिला दिवस लागतो, आणि प्रतिरूपाला पहिला दिवस नाही. मूलपेशींपासून थेट आद्य रेषेनंतरच्या अवस्थेशी जुळणारी रचनाही बनवता येते. काही प्रकारांत शरीराच्या लांबीचा आस तयार होतो पण वार नसते, त्यामुळे ती गर्भाशयात कधी रुजणारच नाही. अशी रचना तीन दिवसांची म्हणायची की वीस दिवसांची? इन्व्हेंटरीत आम्ही तीनशे दिवस मोजतो ते मृत्यूच्या तारखेपासून, आणि ती तारीख मृत्यूच्या दाखल्यावर असते. इथे दाखला कशाचा?

एवढे झाल्यावर काही वाचक विचारतील की गोव्यात बसून या गोष्टींची चिंता करण्याचे कारण काय. इथे कोणती प्रयोगशाळा असे काही बनवते आहे? कारण असे की या संशोधनाचा लाभही इथल्याच बायकांना आहे आणि धोकाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.३ निघाला. त्यात लोकांच्या निवडीचा भाग मोठा आहे, पण ज्यांना मूल हवे आहे आणि होत नाही अशांची रांगही लहान नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून कृत्रिम गर्भधारणेचे उपचार विनामूल्य सुरू झाले, ते त्याच गरजेपोटी. या उपचारांत भ्रूण चांगला दिसत असूनही रुजत नाही तेव्हा का रुजत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा डॉक्टरांकडे नसते. कारण रुजण्याच्या दिवसांपासून चौथ्या आठवड्यापर्यंतचा काळ स्त्रीच्या शरीरात दडलेला आहे आणि नैतिक मार्गाने तिथे डोकावता येत नाही. मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, बंद होते ती फलनानंतर अठ्ठावीस दिवसांच्या सुमारास. पाळी चुकली म्हणून बाई तपासणीला जाते तेव्हा तो काळ बहुधा उलटत आलेला किंवा उलटून गेलेला असतो, आणि म्हणूनच फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भ राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात. कोणते औषध त्या दिवसांत घातक ठरते, वारंवार गर्भ का पडतो, हे प्रतिरूपांवर तपासता आले तर खऱ्या भ्रूणांना हात न लावता पुष्कळ कळेल. या कामावर सरसकट बंदी घाला असे म्हणणाऱ्यांनी, गर्भ पडल्यावर ‘तूच काहीतरी केलं असशील’ असे सासूचे बोलणे ऐकून घेतलेल्या एखाद्या तरी बाईशी आधी बोलावे.

धोका दुसऱ्या बाजूने येतो, आणि तो प्रयोगशाळेपेक्षा बाजारातून अधिक येतो असे माझे मत आहे. माझ्या ओळखीच्या डिचोलीकडच्या एका कुटुंबाने आपल्या स्वमग्न मुलाला परराज्यातील एका दवाखान्यात ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने देवविली, त्यासाठी जमिनीचा तुकडा विकला. त्या व्यवहाराचे कागद माझ्याच कार्यालयात झाले, आणि पैसे कशासाठी लागत आहेत हे मी विचारले नाही याची टोचणी मला आजही आहे. मुलात काही फरक पडला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटले की स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार शिफारसयोग्य नाही आणि त्याचा प्रचार करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरेल. पण तोवर कित्येकांचे खिसे रिकामे झाले होते. भ्रूण-प्रतिरूपांच्या बाबतीत हीच गाडी त्याच रुळावरून जाईल, अशी माझी भीती आहे. आज त्यातून मूल होत नाही. ‘आमच्याकडे बीजदात्याशिवाय तुमच्याच त्वचेपासून बाळ’ अशी जाहिरात करायला मात्र मूल व्हावे लागत नाही. निपुत्रिक माणसाच्या हातात पैसे असले की पुरे.

आपल्याकडे या विषयावर सार्वजनिक चर्चा झालीच तर ती कशी होते, हे आपण २०१९ मध्ये पाहिले. जालंधरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत एका कुलगुरूंनी कौरवांचा जन्म म्हणजे मूलपेशी आणि टेस्ट ट्यूब तंत्रज्ञानाचा पुरावा असल्याचे सांगितले. गांधारीच्या मांसपिंडाचे शंभर तुकडे आणि तुपाचे कुंभ यांची कथा माझ्या आजीने मला सांगितली तेव्हा तिच्या मनात दुःख होते ते त्या बाईच्या रखडलेल्या गर्भाचे. तिने त्यात पेटंट शोधले नाही. गर्भोपनिषदात एका रात्रीचा कलल, सात रात्रींचा बुडबुडा, पंधरवड्यात पिंड आणि सातव्या महिन्यात जीवाशी संयोग, असा क्रम दिला आहे. पंधरवडा आणि वॉरनॉकचे चौदा दिवस जुळतात म्हणून कोणी टाळी वाजवू नये. पण त्या क्रमातून एवढे दिसते की आपल्या परंपरेने गर्भाचे अस्तित्व एका क्षणावर न टांगता पायरीपायरीने पाहिले. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या राज्यातील चौथ्या हिश्श्याइतकी वस्ती ख्रिस्ती आहे, आणि कॅथलिक चर्चची आजची अधिकृत भूमिका अशी की गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासूनच मानवी जीवनाचा पूर्ण आदर झाला पाहिजे. या भूमिकेच्या सच्चेपणाविषयी मला शंका नाही. रायबंदरच्या माझ्या एका जुन्या पक्षकार बाईंनी याच विश्वासापोटी स्वतःच्या उपचारांत एकाहून अधिक भ्रूण बनवू दिले नाहीत आणि त्याची किंमत मोजली. पण प्रतिरूपाला ‘गर्भधारणेचा क्षण’च नाही, त्यामुळे ही भूमिकाही इथे चाचपडतेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ‘हा भ्रूण आहे का?’ हा प्रश्न कायद्याने एका व्याख्येत, सर्व कामांसाठी एकदाच सोडवायचा हट्ट धरू नये. कोणत्या परिणामापुरते त्याला भ्रूण मानायचे, हे एकेक करून सांगावे. आपले कायदे हे आधीच करतात, फक्त कबूल करत नाहीत. प्रयोगशाळेत चौदा दिवस, जननतंत्रज्ञानाच्या कायद्यात छप्पन्न दिवस, गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांसाठी चोवीस आठवडे, वारसाहक्कात जिवंत जन्म. एकाच वाढत्या जीवाला आपण चार कामांसाठी चार ठिकाणी रेघ मारतो आणि त्यात विसंगती मानत नाही.

या दृष्टीने पाहिले तर पहिला परिणाम अगदी सोपा आहे. मूलपेशींपासून बनवलेली भ्रूणसदृश रचना, मग ती कितीही अपुरी असो, कोणत्याही स्त्रीच्या किंवा प्राण्याच्या गर्भाशयात ठेवणे हा गुन्हा ठरवावा, आणि तोही मार्गदर्शक तत्त्वांत नव्हे, तर शिक्षेच्या कलमासह संसदेच्या कायद्यात. यंत्रातील कृत्रिम गर्भाशयात ती जन्मक्षम होईपर्यंत वाढवण्यालाही तीच बंदी हवी. आंतरराष्ट्रीय सोसायटीने २०२५ च्या सुधारणेत या दोन्ही गोष्टी निषिद्ध सांगितल्या आहेत. त्यांना आपल्या देशात कायद्याचे बळ द्यायला शास्त्रज्ञांचाही विरोध होण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा परिणाम संशोधनाचा, आणि तो अवघड आहे. इथे ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहण्याजोगा आहे. तिथल्या कायद्यात भ्रूणाची व्याख्या फलनावर थांबत नाही. मानवी जनुकसंच असलेली आणि आद्य रेषेपर्यंत किंवा पुढे वाढण्याची क्षमता असलेली कोणतीही संघटित रचना, ती कोणत्याही प्रक्रियेने आरंभलेली असो, तिच्यात मोडते. त्यामुळे होसे पोलो यांच्या गटाने २०२१ मध्ये मेलबर्नमध्ये त्वचेच्या पेशींपासून पाच-सहा दिवसांच्या भ्रूणासारख्या रचना बनवल्या, तेव्हा तिथल्या नियामकाने त्यांना भ्रूणच ठरवले आणि खऱ्या भ्रूणासाठी लागणारा परवाना त्यांनाही लागू झाला. शास्त्रज्ञांची तक्रार अशी की जी रचना मूल होऊच शकत नाही तिला मुलाच्या वाटेवरच्या जीवाचा दर्जा देऊन तुम्ही काम अडवता. तक्रारीत तथ्य आहे. तरी मला ऑस्ट्रेलियाची चूक आपल्या मौनापेक्षा बरी वाटते, कारण तिथे निदान कोणाकडे अर्ज करायचा हे ठाऊक आहे. आपल्याकडे मधला मार्ग काढता येईल: क्षमतेचा निकष ऑस्ट्रेलियाकडून घ्यावा, पण त्याचा परिणाम म्हणून बंदी न घालता नोंदणी, आधीच ठरवलेला थांबण्याचा टप्पा आणि संस्थेबाहेरच्या समितीची परवानगी एवढेच लादावे, ज्यात वारच नाही अशा अपुऱ्या रचनांना नुसती नोंदणी पुरे.

‘क्षमता’ हा निकष सैल आहे, तो कसा मोजणार, असा आक्षेप माझ्या एका न्यायाधीश मित्राने घेतला. मानवी प्रतिरूपाची खरी क्षमता तपासायची तर ते गर्भाशयात ठेवूनच पाहावे लागेल, आणि तीच गोष्ट आपण गुन्हा ठरवतो आहोत! हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. प्राण्यांतील प्रयोगांवरून अंदाज बांधावा लागेल आणि शंका असेल तिथे कडक नियम लावावा लागेल. पण दुसरा पर्याय आकृतीचा आहे, आणि तो अधिक फसवा आहे. जुन्या संहितेने जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ‘मानवी आकृती’ची अट घातली होती, व्यंग घेऊन जन्मलेल्यांविषयीच्या रोमन काळापासूनच्या भीतीचा तो अवशेष. त्या संहितेतून उचलण्याजोगे पुष्कळ आहे, ही अट मात्र नाही. भांड्यातली रचना भ्रूणासारखी दिसते म्हणून तिला मान द्यायचा आणि दिसत नाही म्हणून मोकळीक, असे केले तर उद्या कोणीही तिचा आकार थोडा बिघडवून नियमातून सुटेल.

तिसरा परिणाम ज्याच्या पेशी त्याच्याविषयीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रतिरूप बनते ते कोणाच्या तरी त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून, आणि त्यातील जनुकसंच त्या माणसाचाच असतो. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून बांबोळीला तपासणीसाठी आलेली बाई ‘उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी छापील ओळीखाली सही किंवा अंगठा करते, तेव्हा तिच्या मनात असते ते कर्करोगाचे किंवा मधुमेहाचे संशोधन. आपल्या पेशींतून कोणी गर्भासारखे काही वाढवील, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सांगितले तर ती कदाचित आनंदाने हो म्हणेल. कदाचित घरी जाऊन विचार करीन म्हणेल. खऱ्या भ्रूणाच्या बाबतीत २०२१ च्या कायद्याने दाम्पत्याची संमती, दहा वर्षांची साठवण-मर्यादा, त्यानंतर नष्ट करणे किंवा त्यांच्या संमतीने संशोधनासाठी देणे, असे सारे बारकाईने लिहिले आहे. पेशीदात्याला यातले काहीच नाही.

संसद व्याख्येला केव्हा हात घालील ते सांगता येत नाही. फलनाच्या शब्दाला ‘निर्मिती’ जोडायलाही वर्षे जातील. संमतिपत्रात एक ओळ वाढवायला मात्र संसद लागत नाही, संस्थेच्या नीतिसमितीची एक बैठक पुरते. ती ओळ मराठीत आणि कोंकणीत, अंगठा करणाऱ्याला वाचून दाखवता येईल अशी असावी. मराठीतली मी लिहून ठेवली आहे: ‘तुम्ही दिलेल्या पेशींपासून प्रयोगशाळेत गर्भासारखी रचना वाढवायला तुमची परवानगी आहे का? ही रचना कोणाच्याही पोटात ठेवली जाणार नाही. होय किंवा नाही, यांपैकी एकावर खूण करा. नाही म्हटल्याने तुमच्या उपचारात फरक पडणार नाही.’